दमास्कस ते डेक्कन: ‘मवाली’ शब्दाची गोष्ट

पुण्यात एखाद्या पोराला मवाली ठरवायला फारसा पुरावा लागत नाही. शर्टाची वरची बटणं उघडी, गाडीचा सायलेन्सर बदललेला आणि अमृततुल्याबाहेर एका चहावर तासभर मुक्काम, एवढं पुरतं. समोरच्या सोसायटीच्या गॅलरीतून निकाल लागतो: ‘काय मवाली पोरं जमतात हो इथे!’ त्या पोरांनी काही केलेलं असतं असं नाही. बहुतेक वेळा क्रिकेट, गाड्या आणि कुणाचं कुणाशी जमलंय यापलीकडे त्यांच्या गप्पा जात नाहीत.

उपद्रवी माणसांसाठी मराठीत शब्दांची मुळीच टंचाई नाही. मुळशी-हवेलीकडे एखादं पोरगं ‘लई वांड’ असतं, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात निम्मं कौतुक असतं. टारगट हा शिक्षकांचा शब्द. उनाड आणि उडाणटप्पू वडिलांचे. टवाळखोर वर्तमानपत्रांचा, त्यातही मुलींच्या कॉलेजबाहेरच्या बातमीत हमखास येणारा. त्याच प्राण्याला आधीची पिढी सडकसख्याहरी म्हणायची. हा झकास शब्द आपण हकनाक मागे टाकला. या सगळ्यांच्या वर बसतो गुंड.

गुंड आणि मवाली आपण एका दमात, जोडूनच म्हणतो, पण दोघांत अंतर आहे. गुंडाला वजन असतं. त्याची भीती असते, त्याच्याकडे कामं घेऊन लोक जातात, वाढदिवसाला त्याचा फ्लेक्स लागतो आणि त्यावर खाली पासपोर्ट आकाराचे वीसेक चेहरे असतात. मवाली म्हणजे त्या खालच्या चेहऱ्यांपैकी एखादा. त्याला स्वतःचं वजन नाही. तो कुणाचा तरी माणूस असतो. चौकीत आणलेल्या पोराला पहिला प्रश्न तोच पडतो, ‘कुणाचा रे तू?’

हा प्रश्न ध्यानात ठेवा. कारण मवाली या शब्दाची जी व्युत्पत्ती सगळ्यांत पटण्यासारखी आहे, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, आणि तो तेराशे वर्षांपूर्वी बसरा आणि कुफा या इराकमधल्या शहरांत विचारला जात होता.

आधी थोडं व्याकरण. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून उगवतात. ह-क-म हा धातू घ्या. हुकूम त्यातलाच, हाकिम त्यातलाच आणि नाडी बघणारा हकीमही त्यातलाच. व्यंजनं तीच राहतात, आतले स्वर आणि आजूबाजूचे प्रत्यय बदलतात, आणि प्रत्येक साच्यातून वेगळा अर्थ बाहेर पडतो. हे कळलं की मराठीतले कितीतरी शब्द एकमेकांचे भाऊबंद असल्याचं दिसू लागतं.

मवालीचा धातू आहे व-ल-य. मूळ अर्थ जवळ असणे, लगत असणे. जवळ असणारा म्हणजे मित्र. जवळ असतो म्हणून पाठीशी उभा राहतो, म्हणजे रक्षक. पाठीशी उभा राहतो म्हणून सत्ता गाजवतो, म्हणजे अधिकारी. एका जवळिकीतून एवढं सगळं निघालं आणि त्यातलं बरंचसं आपल्याकडे पोचलं. देवाच्या जवळचा तो वली. वलीचं अनेकवचन अवलिया. पुण्यात गेल्या पन्नास वर्षांत वारलेल्या कलावंतांपैकी निदान निम्म्यांना मृत्युलेखात अवलिया म्हटलं गेलं असेल. त्या शब्दाचा आणि मवाल्याचा धातू एक आहे. वाली म्हणजे रक्षक, कारभारी. ‘गरिबाला कोणी वाली नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा हाच अरबी शब्द वापरत असतो, रामायणातल्या वालीशी त्याचा संबंध नाही. वक्फच्या मालमत्तेचा कारभार बघणारा मुतवल्ली. अधिकार चालतो तो प्रदेश म्हणजे विलायत. पुढे हिंदुस्थानात विलायत म्हणजे साहेबाचा देश झाला, आणि विलायती चिंच, विलायती दारू अशी त्याची पिलावळ वाढली. गोरे सोल्जर हाच शब्द तोंडात घोळवून मायदेशाला ‘ब्लायटी’ म्हणू लागले.

आणि याच धातूचा ‘मौला’. मौलाना म्हणजे ‘आमचे मौला’, मौलवी त्याच घरातला. मौला म्हणजे धनी, स्वामी. कव्वालीत ज्याला हाक मारतात तो.

आता गंमत. अरबीत मौला म्हणजे स्वामी, तसाच मौला म्हणजे स्वामीचा आश्रितही. गुलामाला मुक्त करणारा मौला आणि मुक्त झालेला गुलामही मौला. नात्याच्या दोन्ही टोकांना एकच नाव. आपल्याकडे मुलाचे वडील आणि मुलीचे वडील एकमेकांचे व्याही असतात तसं. फरक एवढाच की व्याही निदान कागदावर बरोबरीचे असतात, मौला-मौला नसतात. कोण वरचा आणि कोण खालचा ते शब्दावरून कळत नाही, संदर्भावरून कळतं.

या मौलाचं अनेकवचन मवाली.

इसवी सन ६६१ ते ७५० या काळात दमास्कसहून उमय्या घराण्याच्या खलिफांनी राज्य केलं. राज्य पसरलं होतं सिंधपासून स्पेनपर्यंत, आणि राज्य करणारे अरब संख्येनं थोडे होते. इराणी, तुर्क, बर्बर, कॉप्ट असे नाना लोक या राज्यात आले, त्यांतले अनेक मुसलमान झाले. पण अरब समाज टोळ्यांचा होता. माणसाची ओळख म्हणजे त्याची टोळी. बाहेरून आलेल्याला टोळी कुठली? म्हणून नव्यानं धर्मात आलेल्या बिगर-अरबाला कुठल्या तरी अरब टोळीचा आश्रय घ्यावा लागे. तो त्या टोळीचा मौला होई. असे सगळे मिळून मवाली.

त्यांच्या नावातच हे लिहिलेलं असायचं: अमुक, तमुक टोळीचा मौला. कुणाचा रे तू, या प्रश्नाचं उत्तर नावाबरोबर घेऊन फिरायचं.

कागदोपत्री धर्मबांधव, प्रत्यक्षात दुय्यम. सैन्यात मवाली बहुतेक पायदळात असत, आणि सरकारी वेतनाच्या यादीत त्यांना अरबांपेक्षा कमी मिळे किंवा नावच नसे. बिगर-मुसलमानांवरचा जिझिया धर्मांतर केल्यावर सुटायला हवा होता. पण लोक भराभरा मुसलमान झाले तर खजिन्यात काय येणार? इराकचा सुभेदार हज्जाज यानं गावं सोडून शहरात आलेल्या अशा लोकांना परत शेतावर हाकललं, सारा भरत राहा म्हणून. दुसरा उमर नावाचा खलिफा ७१७ मध्ये गादीवर आला. हा अन्याय दूर करायचा प्रयत्न त्यानं केला, पण त्याला जेमतेम अडीच वर्षं मिळाली.

अशा लोकांना चिथावणारा कुणी भेटला की काय होतं ते सांगायला नको. ६८५ मध्ये कुफा शहरात मुख्तार नावाच्या पुढाऱ्यानं बंड केलं आणि मवाल्यांना घोडे दिले, लुटीत वाटा दिला. कुफ्यातले अरब सरदार यावरच सगळ्यांत जास्त चिडले. काल आपण ज्यांना सोडवलं ते आज आपल्या शेजारी घोड्यावर बसतात म्हणजे काय! मुख्तारचं बंड दोन वर्षांत मोडलं. पण ७४७ मध्ये खुरासानात अबू मुस्लिमनं काळे झेंडे उभारले तेव्हा त्यामागे मवाल्यांची मोठी ताकद होती. ७५० मध्ये उमय्या घराणं गेलं, अब्बासी आले. त्यांनी ७६२ मध्ये बगदाद वसवलं, दरबारात इराणी मंडळींचा वरचष्मा झाला आणि मवाली ही वेगळी पायरी हळूहळू पुसली गेली.

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या तारिकच्या नावावरून जिब्राल्टरला (जबल-तारिक, तारिकचा डोंगर) नाव पडलं तो ७११ मध्ये स्पेनवर उतरलेला सेनापती मवालीच होता. आणि अरबी भाषेचं पहिलं मोठं व्याकरण लिहिलं ते सीबवैह नावाच्या इराण्यानं. तोही एका अरब टोळीचा मवाली. अरबांना त्यांची भाषा नीट बांधून दिली ती त्यांच्या आश्रितानं.

मग इतक्या कर्तबगार मंडळींचं नाव आपल्या चौकात येऊन असं का उभं राहिलं?

अरबीतून शब्द फारसीत गेला आणि तिथे आधी त्याचं बरं चाललं होतं. फारसी दरबारी लिखाणात ‘अहाली व मवाली’ अशी जोडी येते, तिचा अर्थ प्रतिष्ठित आणि विद्वान मंडळी. पण आश्रित हा दुसरा अर्थ सुटला नव्हता. मोठ्या माणसाच्या भोवती जे असतात, त्यांत विद्वान थोडे आणि नुसते भोवती असणारे फार. उर्दूत ‘हवाली-मवाली’ असा जोडशब्द आहे. हवाली म्हणजे आसपास, आजूबाजू. हवाली-मवाली म्हणजे आगेमागे फिरणारा लवाजमा, सोबतचे लोक. मराठीत आपण बगलबच्चे म्हणतो, चेलेचपाटे म्हणतो, पित्ते म्हणतो. बगलबच्चा या शब्दातही मूळ कल्पना जवळिकीचीच आहे, हे बघण्यासारखं आहे.

इथून पुढचा उतार फार सरळ आहे. लवाजम्यातल्या माणसाला स्वतःचं काम नसतं. धन्याचं नाव हेच त्याचं भांडवल. त्या नावावर तो दुकानात उधारी करतो, जत्रेत धक्के मारतो, कुणी अडवलं तर ‘ओळखत नाहीस का’ म्हणतो. लोक धन्याला घाबरून गप्प बसतात आणि राग आश्रितावर काढतात. तोंडावर नाही, पाठीमागे. शिवी तयार होते ती अशी. पुढे धनी नसला तरी चालतं. रिकामटेकडा, उर्मट, चारचौघांत दांडगाई करणारा कुणीही मवाली होतो.

हा प्रवास कुठल्या साली कुठल्या गावी झाला याच्या पावत्या मिळत नाहीत. शिव्यांच्या मिळत नाहीतच. कारभाराचे शब्द दप्तरात राहतात. शिवाजी महाराजांच्या काळच्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले तेही राज्यकारभाराच्या शब्दांना. चौकातली भाषा तशीच राहिली. फारसी-मराठीची ही सरमिसळ नीट उलगडून बघणारे लोक पुण्यात होऊन गेले. कवी माधव जूलियन फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवत, आणि त्यांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश काढला. गंमत अशी की पुढे हेच गृहस्थ भाषाशुद्धीच्या बाजूनं ठामपणे उभे राहिले. ज्याला परकं काय ते ओळखता येतं त्यालाच ते काढावंसंही वाटतं, असेल.

व्याकरणातली एक गोष्ट मला या शब्दाइतकीच आवडते. मवाली हे अनेकवचन आहे, पण आपण ‘एक मवाली’ म्हणतो. यात चूक काही नाही. मराठीची ही जुनी खोड आहे. अहवाल हे ‘हाल’चं अनेकवचन, आपण एकच अहवाल सादर करतो. कवायत हे ‘कायदा’चं अनेकवचन, म्हणजे नियम, आपण ती मैदानावर करतो. अमीरचं अनेकवचन उमरा, त्याचा आपल्याकडे एकटादुकटा उमराव झाला. अवलिया वर आलाच. अरबी अनेकवचन मराठीच्या उंबऱ्यावर आलं की निमूट एकवचन होतं. मग त्याला मराठी विभक्ती लागते, माळी-माळ्यानं तसं मवाली-मवाल्यानं. भाववाचक करायला मागे फारसी ‘गिरी’ लागते, मवालीगिरी. एका गोष्टीत मात्र तो माळी-तेली यांच्यापासून वेगळा पडला. माळीण आहे, तेलीण आहे, पण मवालीण कुणी म्हणत नाही. रस्त्यावर रिकामं उभं राहायची मुभा मुलींना कधी मिळालीच नाही, तर त्यासाठीची शिवी तरी कशाला घडेल?

आता पुण्यात हमखास निघणारा मुद्दा. मवाली म्हणजे मावळा का? ऐकायला दोन्ही जवळचे आहेत, आणि इंग्रजी लिपीत लिहिले तर आणखीच जवळ येतात, कारण तिथे ळ आणि ल एकच होऊन बसतात. ग्रँट डफनं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला त्यात मावळ्यांना दिलेलं रूप ‘मावुली’सारखं वाचता येतं. अशी पानं वाचून एखाद्याला वाटू शकतं की इंग्रजांनी किंवा मोगलांनी मावळ्यांना हिणवलं आणि त्यातून शिवी झाली. कथा म्हणून ती छान आहे. पण मावळा आला मावळातून, म्हणजे पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतल्या खोऱ्यांतून: पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ, हिरडस मावळ वगैरे. सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख. शब्दाच्या सुरुवातीला ठसठशीत ‘मा’ आणि मध्ये ‘ळ’. ज्या पुण्यात रोज कुणी ना कुणी मावळातून भाजी किंवा दूध घेऊन येत होतं, त्या पुण्यात या दोन्ही ध्वनींची एकाच वेळी अशी वाट लागली असेल हे पटत नाही. शिवाय मावळा म्हणताना मराठी माणसाची छाती फुगते. त्याच शब्दाची शिवी त्याच माणसानं स्वीकारली असती का?

आणि माउलीशी तर काहीच संबंध नाही. ज्येष्ठ-आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा दोन दिवस सगळं शहर एकमेकांना माउली म्हणत असतं, ‘चला माउली, पुढे सरका माउली’. तिथे जीभ घसरू नये एवढीच काळजी घ्यायची.

शेजारच्या शब्दांकडेही एकदा बघून घेऊ. बदमाश म्हणजे बद अधिक मआश, वाईट मार्गानं पोट भरणारा; शब्दात दांडगाई नाही, उपजीविका आहे. ठग हा संस्कृत ‘स्थग’पासून, म्हणजे लपवणारा, फसवणारा. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३०च्या दशकात ठगांविरुद्ध मोहीम उघडली, ठगांसाठी १८३६ मध्ये खास कायदा झाला आणि शब्द इंग्रजीत गेला तो कायमचाच. तिथे त्याचा अर्थ मात्र बदलला; आपला ठग गोड बोलून गंडवतो, त्यांचा ठग दंडुका घेऊन येतो. गुंडांच्या नावाचा कायदाही झाला, १९२३ मध्ये बंगालात, कलकत्त्यासाठी. इंग्रजीतला ‘गून’ हा आपल्या गुंडाचाच अवतार असं पुष्कळ लोक सांगतात, पण तो वेगळा आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या पॉपाय चित्रकथेतल्या एका दांडग्या पात्रामुळे तो घराघरांत पोचला. कानाला सारखं लागलं की रक्ताचं नातं जोडायची आपल्याला घाई असते, मावळ्याच्या बाबतीत झालं तेच.

दादाचं काय सांगावं? मोठा भाऊ म्हणून घरात दादा, रिक्षावाल्याला हाक म्हणून दादा, राजकारणात आदरानं दादा, आणि दादागिरी करणाराही दादाच. पुण्यात ‘दादा, जरा गाडी बाजूला घ्या ना’ या वाक्यातला दादा विनंतीचा आहे की भीतीचा, हे गाडीकडे बघून ठरवायचं असतं. भाऊ, अण्णा, आप्पा, नाना, सगळ्यांची हीच गत. मवाल्याचा धनी आधी मौला होता, आता तो भाऊ किंवा दादा आहे. नातं वरचं-खालचंच राहिलं, फक्त त्याला घरातलं नाव मिळालं.

कायद्याच्या भाषेत मवाली नाही. सरकारला असा शब्द चालत नाही, कारण उघडं बटण हा गुन्हा नाही. तिथे वेगळेच शब्द आहेत, आणि पुण्याच्या वर्तमानपत्रांत ते रोज येत असल्यानं समजून घेतलेले बरे. सराईत म्हणजे सरावलेला, ज्याच्यावर आधीचे गुन्हे दाखल आहेत. टोळकं म्हणजे रात्री येऊन रांगेनं उभ्या गाड्यांच्या काचा फोडणारे. १९८१ चा एक लांबलचक नावाचा कायदा आहे, बोलीभाषेत एमपीडीए. त्याच्या मराठी नावात चक्क ‘झोपडपट्टी दादा’ आहे. त्या कायद्याखाली माणसाला खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं. ‘दादा’ हा शब्द विधिमंडळानं संमत केला असं म्हणायला हरकत नाही. झोपडपट्टी हा शब्द मात्र मला तिथे खटकतो. बंगल्यातल्या दादासाठी वेगळं कलम कुठे आहे?

आणि तडीपार. तड म्हणजे काठ, किनारा. काम तडीस नेतो म्हणजे पैलतीराला नेतो. तडीपार म्हणजे काठापलीकडे घालवलेला. शब्दशः घ्यायचं तर शनिवार पेठेतल्या गुंडाला डेक्कनवर नेऊन सोडलं की झालं, मध्ये मुठा आहेच. कायद्यात मात्र हद्द म्हणजे शहर किंवा जिल्हा, आणि पुण्यातल्या आदेशांत पुणे, पिंपरी-चिंचवड आणि जिल्ह्याचा ग्रामीण भाग एकत्रच धरलेला दिसतो. हे अधिकार येतात १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातून. कलम ५५ टोळीसाठी, ५६ एकट्यादुकट्यासाठी, ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी; मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ५६ मधली एक अट महत्त्वाची आहे. भीतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, अशी अधिकाऱ्याची खात्री झालेली असली पाहिजे. म्हणजे नुसता उपद्रव पुरत नाही, दहशत दाखवावी लागते. आदेशाआधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि आदेशाविरुद्ध राज्य सरकारकडे अपील करता येतं. जालन्याच्या एका प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तडीपारीचा आदेश रद्द करताना सांगितलं की हा असाधारण उपाय आहे, तो माणसाच्या देशभर मोकळेपणानं फिरण्याच्या मूलभूत हक्कावर घाव घालतो, तेव्हा जपून वापरा.

सोसायटीच्या गॅलरीला यातलं काहीच लागत नाही. नोटीस नाही, सुनावणी नाही. तिथे मवाली म्हटलं की निकाल झाला.

असा निकाल कधीकाळी सरकारनंही लावला होता, आणि तोही माणसामाणसाचा नाही, अख्ख्या जमातींचा. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. अमुक जमातीत जन्मलास म्हणजे गुन्हेगार, रोज हजेरी दे, गाव सोडताना परवानगी घे. सोलापुरात तर काटेरी तारांच्या कुंपणात वसाहत होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. त्यातल्या रामोशांचा पुण्याशी जुना संबंध. गावाची राखण हे त्यांचं काम. ते गेलं, वतनं गेली, तेव्हा पुरंदरचे उमाजी नाईक इंग्रजांविरुद्ध उठले. इंग्रजांच्या कागदांत ते दरोडेखोर होते. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात, खडकमाळ आळीत त्यांना फाशी दिलं. आज त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतात आणि जयंतीला सरकारी कार्यालयात प्रतिमेला हार पडतो.

उमाजींचं नाव वर आलं, सगळ्यांचं आलं नाही. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावं आहेत. त्यांत भामटा आहे, राजपूत भामटा वेगळा आहे. दुसरीकडे वर्तमानपत्रात जवळपास रोज मथळा असतो: ज्येष्ठ नागरिकाला भामट्यानं गंडवलं. म्हणजे त्या जातीचा विद्यार्थी पुण्यात प्रवेशासाठी जातीचा दाखला घेऊन रांगेत उभा असतो, आणि त्याच्या दाखल्यावरचा शब्द समोरच्या टेबलावरच्या पेपरात चोराला वापरलेला असतो. ठकसेन, लबाड, फसवणूक करणारा हे शब्द उपलब्ध आहेत, पण मथळ्याला तीन अक्षरांचा मोह सुटत नाही.

मवाली हा आता काका-काकूंचा शब्द झाला आहे. विशीतली मुलं तो फारसा वापरत नाहीत. वापरलाच तर मित्राच्या पाठीत धपाटा घालत ‘काय रे मवाल्या’ असा, लाडानं. त्यांच्या तोंडी नवा शब्द आहे, छपरी. केस रंगवलेले, गाडी चकचकीत, मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ, पेठेत किंवा कोथरूडात न शोभणारी ऐट, की झाला तो छपरी. मवाली म्हणताना काकू जे बघतात तेच सगळं ही मुलं बघतात, गुन्हा कुठलाच नाही, नुसता थाट. शब्द उघडच छपरावरून आला आहे. गवती छप्परं शाकारून पोट भरणारी, लष्कराच्या छावणीबरोबर फिरणारी जमात होती ती छप्परबंद. विमुक्त जातींच्या त्याच यादीत चौदावं नाव त्यांचं आहे.